नाव घेताना

‘बाळाचं नाव भाऊचं ठेवायचं ठरवलंय, वहिनी,’ महादेव म्हणाला आणि बशीतला चहा फुंकू लागला. कुमुद स्टोची नळी पिनेने साफ करत होती. पिन आत गेली ती गेलीच, ओढली तरी निघेना. शेवटी तिने नाद सोडला आणि पदराला हात पुसत दिराकडे पाहिलं. गिरगावातल्या त्या दीड खोलीत, जिच्याकडे ती राहत होती त्या मामीच्या पलंगाच्या कडेला, महादेव अंग चोरून बसला होता. पायाशी पिशवी, पिशवीत सोललेले नारळ, पोह्याचे पापड, सुपारी. नागावहून, सासरहून, माणूस आला की हे सगळं त्याच्याबरोबर यायचंच. रिकाम्या हाताने आलं तर कुमुद हाकलून देईल अशी त्यांना भीती असावी. तिने तसं कधी केलं नव्हतं. मनात मात्र दर खेपेला केलं होतं. ‘आईची फार इच्छा आहे,’ महादेव पुढे म्हणाला. ‘पण भटजी म्हणाले, आपल्याकडे हयात माणसाचं नाव घरच्या मुलाला ठेवत नाहीत. तेव्हा एकदा सगळ्यांना विचारून घ्या. सगळ्यांना म्हणजे, तुम्हालाच.’ हे तो तिच्या उजव्या कानाला सांगत होता. नागावच्या माणसांना ही एक कला साधली होती. कुणी तिच्या कानाशी बोले, कुणी हनुवटीशी, कुणी तिच्या मागच्या भिंतीशी. कपाळावरच्या कुंकवाकडे कुणी चुकूनसुद्धा पाहत नसे.

ते कुंकू सगळ्या घराच्या डोळ्यांत सलत होतं. बारा वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली. कुमुदचा नवरा, महादेवचा थोरला भाऊ हरी, त्या बोटीत होता असं सगळे धरून चालले, कारण आदल्याच दिवशी त्याने गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला होता : आईला सांग, अवसेला मी घरी जेवायला आहे. मग कितीतरी दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती. महादेव रोज नाकाला फडकं बांधून ओळख पटवायला जाई आणि रोज परत येऊन मान हलवी. हरीचं प्रेत लागलं नाही. प्रेत नाही म्हणून दहन नाही, दहन नाही म्हणून सुतक नाही, आणि सुतक नाही म्हणून कुमुदच्या बांगड्या हातात राहिल्या. बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, असं शास्त्र आहे म्हणे. ती बारा वर्षं गेल्या आषाढात भरली. पण हरीच्या आईने, आनंदीबाईंनी, भटजींना ओटीवरूनच परत पाठवलं. माझ्या पोराला गवताचं करून जाळायला निघालात का, असं विचारलं. झालं. पुतळा राहिला, कुंकूही राहिलं. आता दोन मुलींच्या पाठीवर महादेवला मुलगा झाला, आणि जे अग्नीकडून करवून घेतलं नाही ते पाळण्याकडून करवून घ्यायचं असं म्हातारीने ठरवलं. बाळाच्या कानात ‘हरी’ म्हटलं की थोरला हरी गेला. रडारड नाही, विधी नाही. घुगऱ्या वाटायच्या, पेढे वाटायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी, बहुधा कोकिळा नणंदच, तिच्या हनुवटीला सांगणार : वहिनी, आता ते पुसलंत तर बरं.

यात अडचण एकच होती. हरी मेला नव्हता. कुमुदने त्याला भायखळ्याच्या नाक्यावर पाहिलं होतं, त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली होती. ती शिकवायची त्या शाळेतल्या शिवणवर्गासाठी स्वस्तात कापडाचे तुकडे मिळतात म्हणून ती त्या बाजूला गेली होती, आणि ट्राम येईना म्हणून फुटपाथवर उभी होती. समोर सायकलींचं दुकान. भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या केलेल्या, आणि त्या ओळीच्या टोकाला एका खोक्यावर बसून एक माणूस तीनचार वर्षांच्या मुलीचे केस विंचरत होता. मुलगी त्याच्या गुडघ्यांत अडकलेली, तोंडात बिस्किट. माणसाच्या मनगटाला लाल रिबीन गुंडाळलेली. आधी कुमुदने ते मनगट ओळखलं, मग मान, मग डाव्या कानाची ती जरा पुढे आलेली पाळी. त्यानेही वर पाहिलं. तिला ओळखलं. तो उठेल, पळेल, निदान फणी तरी हातातून पडेल, असं काहीतरी व्हायला हवं होतं. झालं काहीच नाही. हातात काम असताना पाहुणा आला तर आपण जसं नजरेने ‘बसा हं’ म्हणतो तसं त्याने पाहिलं, आणि भांग वाकडा गेला होता म्हणून मोडून पुन्हा पाडायला घेतला. जिभेचं टोक दाताखाली धरून, अगदी मन लावून. तीन वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे एवढं मन लावून कधी पाहिलं नव्हतं. आतून एका बाईने हाक मारली, ‘आवरलं का तिचं?’ आणि तो म्हणाला, ‘आलोच.’ मग ट्राम आली. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तेव्हा कुमुदला जागेचं नाव आठवेना.

हे ती कुणाला बोलली नाही. पहिल्यांदा लाजेने. नवरा बुडाला असं सांगायला तोंड लागतं. नवरा टाकून गेला असं सांगायला दुसरं तोंड लागतं, ते तिच्याजवळ नव्हतं. त्यात ती मुलगी. नागावच्या घरात असताना कुमुदने किती सोमवार केले होते, किती काढे प्यायली होती. आनंदीबाई स्वतः ते काढे उकळून आणत आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोर बसून राहत. आता हे बाहेर पडलं असतं तर गावाने काय म्हटलं असतं ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं : बघा, दोष कुणात होता ते. तेव्हा ती गप्प बसली. आणि मग गप्प बसण्याची तिला गोडी लागली. दिवाळीला, संक्रांतीला नागावला जायचं, हरीच्या आठवणीने डोळे टिपणाऱ्या बायकांच्या घोळक्यात कोरड्या डोळ्यांनी बसायचं, आणि मनात म्हणायचं, रडा. रोज सकाळी आरशासमोर ती कुंकू लावी ते असं, दात आवळून. नवरा होता म्हणून लावत होती, नवरा हवा होता म्हणून नव्हे. ते जरा मोठंच लावी. मामी म्हणे, अग, केवढं ते. कुमुद म्हणे, असू दे.

‘येते मी बारशाला,’ एवढंच ती महादेवला म्हणाली. त्याने तो होकार धरला. माणूस हुश्श झालेला तिने आजवर इतक्या जवळून पाहिला नव्हता. त्याने आणखी एक कप चहा मागितला, आणि स्टो बंद पडलाय म्हटल्यावर तेसुद्धा हसून घेतलं.

दोन दिवसांनी भाऊच्या धक्क्यावरून दोघं लाँचमध्ये बसली. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन, पाणी सपाट. कुमुदला बोटीचा नेहमीच राग यायचा. डिझेलचा वास, ओल्या दोरखंडांचा वास, पाटीतल्या कोंबड्या, आणि ती जागा. ती जागा नक्की कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण एका सुमाराला म्हातारी माणसं बोलायची थांबत आणि पाण्याकडे पाहून हात जोडत. महादेवने चपला काढून हात जोडले. शेजारच्या गृहस्थाने विचारलं, तुमचं कुणी? झालं, सुरुवात झाली. हरी कसा वाचू शकला असता पण वाचला नाही याची ती गोष्ट कुमुदने दरवर्षी थोडी थोडी वाढताना ऐकली होती. पहिल्या वर्षी कुणीतरी त्याला कठड्याशी उभं असलेलं पाहिलं होतं, एवढंच. तिसऱ्या वर्षी त्याने आपल्या हातातली फळी एका म्हातारीला दिली. पुढे म्हातारीच्या जागी लेकुरवाळी आली. आता महादेव सांगत होता की भाऊने दोन पोरं काढली आणि तिसऱ्यासाठी परत गेला. गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलत नव्हता बिचारा महादेव, त्याला ते दिसतच होतं. जेवल्यावर स्वतःचं ताट कधी उचलून न ठेवलेला माणूस कुमुदला दिसत होता, आणि महादेवला पाण्यातून पोरं उचलणारा.

गावाचा तो लाडका होता, यात मात्र खोटं नव्हतं. वाडीत पाणी सोडायला कुणाची मदत हवी असो, भजनात झांज कमी पडो, लग्नात पंगत वाढायची असो, हरी हजर. हसायचा असा की दोन घरं पलीकडे ऐकू जावं. घरात शिरताना मात्र ते हसू तो ओटीवर चपलांपाशी काढून ठेवी. माजघरात कुमुदच्या वाट्याला यायचा तो एक दमलेला, जांभया देणारा, सभ्य माणूस. मारलं नाही, शिवी दिली नाही. लग्नात तांदळात अंगठीने तिचं नाव लिहिताना त्याने जांभई दिली होती, ती पहिली. माहेरची ती मनू. ‘कुमुद’ हे नाव आनंदीबाईंनी काढलेलं. त्याने ते लिहिलं, बोटाला चिकटलेले दाणे झटकले, आणि मनू तिथेच त्या ताटात संपली. तिला कुणी विचारलं नव्हतं, भटजींनीसुद्धा नाही. तिचं सुतक कुणी पाळलं नाही.

पुढच्या बाकावर बायकांनी एका नव्या नवरीला नाव घ्यायला लावलं होतं. ती लाजत, अडखळत, लाटा आणि वाटा असं काहीतरी जुळवत होती. कुमुदला उखाणे कधी जमले नाहीत. आनंदीबाईंनी शिकवलेला एकच उखाणा तिने तीन वर्षं चालवला, आणि दर वेळी कोकिळा तोंडाला पदर लावून हसली. पुढे बोट बुडाली आणि हळदीकुंकवात एक नवी रीत पडली. कुंकू लावताना तिचा क्रम आला की कुणीतरी घाईघाईने म्हणायचं, त्यांचं राहू दे. बाकीच्या बायका नावं घेत, आणि कुमुदच्या पुढ्यावरून उडी मारून हसणं पलीकडे जाई. बारा वर्षांत ते नाव तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. मनातसुद्धा ती त्याला ‘ते’ म्हणे. एवढा राग, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटत नव्हतं. लाँच रेवसच्या धक्क्याला वळली तेव्हा तिच्या डोक्यात एक शब्द घोळत होता : रांग. सायकलींची रांग. पुढे काय, ते येत नव्हतं, आणि जातही नव्हतं.

नागावच्या घरी ओटीवर जनी हार ओवत बसली होती. ती वाडीत कामाला येई, हरीच्या लहानपणापासून. ‘आलाव, वैनी? बसा,’ ती म्हणाली. ‘दोन हार सांगितलंन आयनं. ह्यो पालन्याचा, न् ह्यो भाऊच्या फोटूचा.’ कुमुदने वर पाहिलं. माजघराच्या दारावर हरीचा फोटो होता तिथेच होता, हसरा, कोट घातलेला. आजवर त्याला उदबत्ती ओवाळली जाई, पण हार नसे. आता चौकटीच्या दोन्ही अंगांना नवेकोरे खिळे ठोकले होते. भिंतीचा चुना पडून खाली सांडला होता, तो कुणी झाडलाही नव्हता.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा धूर कोंडला होता. धाकटी जाऊ नीरा बाळाला पाजत होती. कुमुद आत गेली तशी तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. ‘जाऊबाई, तुम्ही नको म्हणा ना. तुमचं ऐकतील.’

‘कशाला नको म्हणू?’

‘मी त्याला हाक कशी मारू? थोरल्या दिरांचं नाव मी तोंडाने घ्यायचं? आई म्हणतात, तू बाळ म्हण. मी माझ्या मुलाला जन्मभर बाळ म्हणायचं? बाकी सगळं गाव त्याला हरी म्हणणार, आणि मी नाही.’ तिने डोळे पुसले. ‘मी विजय ठरवलं होतं.’

कुमुदला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. या मुलीला सगळं मिळालं होतं, आणि आता ती एका नावासाठी रडत होती. ‘बाळ म्हण,’ ती म्हणाली. ‘मला माझं नाव बदललेलं चाललं, तुला त्याचं चालेल.’ नीराने मान खाली घातली. बाळाची मूठ तिच्या पदरावर उघडत होती, मिटत होती. त्याचे कान कुमुदने नीट पाहिले. डावी पाळी जरा पुढे होती. त्या एवढ्याशा मांसाच्या तुकड्याचा तिला इतका तिटकारा आला की ती बाहेर येऊन विहिरीवर पाय धुवत राहिली, पाय स्वच्छ होते तरी.

आनंदीबाई तिथे आल्या. वाकल्या होत्या, पण पावलं अजून ताठ. त्यांनी कुमुदच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात उबदार होता हे कुमुदला आवडलं नाही. ‘तू हो म्हणालीस, बरं केलंस,’ त्या म्हणाल्या. ‘मला आता हाक मारायला हरी पाहिजे ग. बारा वर्षं फोटोला हाका मारतेय. ओ देत नाही मेला.’ त्या हसल्या, आणि त्या हसण्यात हरीचं हसू जसंच्या तसं होतं. त्या क्षणी कुमुद सांगणार होती. खरोखर सांगणार होती. इथे विहिरीवर, कुणी ऐकत नसताना, हळू आवाजात : आई, ते आहेत. म्हातारी कोसळली असती, रडली असती, मग कदाचित सुखावलीही असती. उद्या फोटोला हार नको, बाळाला विजय म्हणा, एवढं तरी झालं असतं. तिने तोंड उघडलं. आणि आनंदीबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘तुला नाही कळायचं. तुला एखादं मूल झालं असतं तर कळलं असतं.’ पाठीवरचा हात तसाच होता. कुमुदने तोंड मिटलं. जिभेवर त्या काढ्यांची चव आली, कडू, जुनी, तळाशी गाळ असलेली.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर बायका जमल्या. माजघरात पाळणा टांगला होता, जनीचा अबोलीचा हार त्याच्या दोरीला. दुसरा हार परातीत तयार होता. पाळण्याखाली गव्हाच्या घुगऱ्या, दिवा, वरवंटा कुंची घालून निजवलेला. पुरुष ओटीवर, महादेव मात्र पुन्हा पुन्हा दारात येऊन डोकावत होता. नीराची आई, गावच्या बायका, सगळ्या दाटीवाटीने बसलेल्या, फुलांचा आणि घामाचा वास. कुमुद खांबाला टेकून बसली होती. आज आपल्याला एखादी बाई टाळेल, एखादी मुद्दाम गोड बोलेल, हे ती गृहीत धरून आली होती. पण जे झालं ते तिने धरलं नव्हतं. कोकिळा कुंकवाचा करंडा घेऊन बायकांना कुंकू लावत आली. कुंकू लागलं की बाई नाव घेई, बाकीच्या दाद देत, आणि कोकिळा पुढे सरके. नीराच्या आईने घेतलं, शेजारणीने घेतलं. मग कुमुद. आजवर कोकिळा इथे कुंकू तरी लावायची, नाव घ्यायचं तेवढं राहू द्यायची. आज तिचं बोट करंड्यात बुडालं, उचललं, आणि कुमुदच्या चेहऱ्यासमोरून तसंच पलीकडच्या बाईच्या कपाळाला गेलं. सगळ्यांना आधीच माहीत होतं. अजून नाव ठेवलं नव्हतं, अजून हार परातीतच होता, आणि तिला पुसून टाकलंसुद्धा.

तिला रडू आलं नाही. उलट कपाळ थंड झालं आणि सगळं स्पष्ट दिसू लागलं. दाराच्या फळीवरचा डाग, नीराच्या कानातली कुडी, करंड्याच्या कडेला सांडलेली लाल पूड. बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून नेलं, आणलं, घ्या ग, द्या ग केलं. मग त्याला पाळण्यात घातलं. आत्या म्हणून कोकिळा पुढे झाली. बायकांनी तिच्या पाठीवर मारायला हात उगारून ठेवले. ती बाळाच्या कानाशी वाकली.

‘थांबा, वन्सं,’ कुमुद म्हणाली. ‘माझं नाव घ्यायचं राहिलंय.’

कोकिळा वाकलेलीच राहिली. हात वरच्या वर राहिले. लाँचपासून अडलेली दुसरी ओळ कुमुदला त्याच घटकेला सापडली. जुळवायला काहीच लागलं नाही. ती तिथे होतीच, त्या खोक्यावर, लाल रिबिनीपाशी. ती उठून उभी राहिली. नवरीसारखी मान खाली घातली नाही. शिवणवर्गात मुलींना वाचून दाखवायची त्या आवाजात तिने नाव घेतलं :

‘भायखळ्याच्या नाक्यावर सायकलींची रांग,
हरीराव बसून पाडतात लेकीच्या केसांत भांग.’

‘छान घेतलंस हो,’ कोपऱ्यातली एक बहिरी म्हातारी सवयीने म्हणाली. मग दारातून जनीचा आवाज आला. परात तिच्या हातात होती. ‘म्हंजे भाऊ जित्ता हाय?’

‘आहेत,’ कुमुद म्हणाली. ‘बोटीत नव्हतेच ते. सायकलच्या दुकानात आहेत. बायको आहे. मुलगी आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.’ महादेव दारात आला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या कपाळाकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडाची अवस्था पाहून तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आता म्हातारीकडे पाहायचं होतं. ते तिने मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं.

आनंदीबाई पाटावर बसल्या होत्या. कोसळल्या नव्हत्या. हात गुडघ्यांवर, डोळे कुमुदच्या तोंडावर. ‘लेक केवढी आहे?’ त्यांनी विचारलं.

‘मी पाहिली तेव्हा तीनचार वर्षांची होती. आता मोठी असेल.’

‘तेव्हा,’ आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द जरा वेळ तोंडात धरला. ‘म्हणजे तुला ठाऊक होतं.’

‘होतं.’

‘मी इथे फोटोला हाका मारत होते, आणि तू समोर बसून ऐकत होतीस.’

‘हो,’ कुमुद म्हणाली. तिला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, काढ्यांबद्दल, विहिरीवरच्या हाताबद्दल, तांदळातल्या नावाबद्दल. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत चाललं होतं, आणि ते मिटताना पाहणं तिला वाटलं होतं तितकं गोड लागेना. बाळ पाळण्यात कुरकुरलं. कुणी झोका दिला नाही.

‘कोकिळा,’ आनंदीबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजी निवडायला सांगावी तसा. ‘हिला कुंकू लाव. सवाष्ण आहे ती.’

‘आई, पण भाऊ...’

‘भायखळ्याला आहे तो हिचा नवरा असेल. हिनेच सांभाळावा. आईला निरोप धाडून जेवायला न येणारा माणूस माझ्या ओळखीचा नाही. माझा हरी पाण्यात गेला. तिसऱ्या पोराला काढायला गेला तो गेला. जने, तो हार घाल फोटोला. आणि कोकिळे, कुंकू लावून झालं की नाव सांग कानात. दिवस कलायला लागला.’

म्हणजे झालं असं, की सगळ्यांना सगळं मिळालं. गावाला गेलेला हरी मिळाला, म्हातारीला पाळण्यातला. उरलेला, जांभया देणारा, तो तेवढा कुमुदच्या पदरात टाकला गेला, बारा साक्षीदारणींच्या समोर, जन्मभरासाठी. तिने तेच मागितलं होतं. कोकिळाने बोट करंड्यात खुपसलं आणि तिच्या कपाळावर इतक्या जोराने दाबलं की डोकं मागच्या खांबाला लागलं. पूड नाकावर सांडली. कुमुद खांबाशी खाली बसली. जनीने स्टुलावर चढून हार घातला. नव्या खिळ्यांना तो बरोबर बसला. कोकिळाने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी तिच्या पाठीवर धपाधप बुक्के घातले, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मग सगळ्या एकसुरात म्हणाल्या, हरी.

रीतीप्रमाणे बाळ हातोहात फिरू लागलं. जिच्या मांडीवर जाई ती त्याला नावाने हाक मारी, चारदोन दाणे घुगऱ्या घेई, पुढे देई. पुढे देता देता ते नीराकडे आलं आणि तिथे अडलं. नीराने तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, मिटलं. तिचे डोळे भरले होते. आणि मग तिने ते बोचकं उचलून सरळ कुमुदच्या मांडीवर ठेवलं. का ठेवलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

बायका कुमुदच्या तोंडाकडे पाहू लागल्या. नवऱ्याचं नाव असं उघडंवागडं बायकोने घ्यायचं नसतं हे तिथल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं, आणि ही तर आताच सवाष्ण ठरली होती. कुमुदने बाळाकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हतं. त्याला तिच्या खांद्यामागचा दिवा आवडला होता. लाल तोंड, भुवया नाहीत, आणि ती पाळी. मांडीला ऊब लागत होती, मग ऊब वाढली, मग ती पातळातून आत झिरपली. तिने नाकावरची लाल पूड पुसायला पदर वर नेला, आणि नेलाच आहे म्हणून तसाच कपाळावरून फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा, चांगलं घासून. कोकिळाचं गेलं, सकाळी स्वतः लावलेलंही गेलं. आनंदीबाई पाहत होत्या. पाहू देत.

‘घे ग नीरा,’ ती म्हणाली. ‘हरीने ओलं केलंय.’